शेवटचा स्क्रू मालकाचा

हे लिहायचं मी वीस वर्षं टाळलं. टाळायला फार कष्ट पडले नाहीत, कारण मला कुणी काही विचारतच नव्हतं. आमच्या धरणावरच्या बोटीची फाइल केव्हाच बंद झाली होती आणि तिच्यातला शेवटचा कागद माझ्याच अक्षरातला होता. दुसरबीडच्या मिस्त्रीच्या सदोष कामामुळे बोटीचं गिअर ऑइल गळलं आणि बोट निकामी झाली, असं त्यात लिहिलं होतं. ते खोटं आहे. मी आता सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. मोतीबिंदू काढल्यापासून अक्षर पुन्हा ओळीत येऊ लागलंय, म्हणून खरं काय ते लिहून ठेवतो. पण मिस्त्री कोण होते ते आधी सांगायला हवं. त्यांना ओळखल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

दुसरबीडला रस्त्याच्या कडेला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. ऑइल इंजिनं, विहिरीवरच्या मोटारी, पिठाच्या गिरण्या, जे फिरतं आणि ज्यात तेल असतं ते सगळं त्यांच्याकडे यायचं. उंच, वाळलेला माणूस, मेंदीनं लाल केलेली दाढी, आणि अंगात कायम पांढराशुभ्र सदरा-पायजमा. तेलाचं काम करणारा माणूस पांढऱ्या कपड्यांत, हे पाहून नवीन माणूस हसायचाच. मिस्त्री म्हणायचे, "काळे कपडे घातले तर डाग दिसत नाही. डाग दिसला नाही तर तेल कुठून आलं ते समजते कसं?" काम संपलं की ते बाह्या वर करून सदरा उजेडात धरायचे आणि कुठे काय उडालं ते पाहायचे. बहुतेक वेळा काहीच उडालेलं नसायचं.

तेल सापडलं की ते अंगठा आणि बोट यांच्यात चोळायचे आणि ती बोटं कानाजवळ नेऊन ऐकायचे. लोखंडाचा कीस असला तर कचकच ऐकू येते, असं त्यांचं म्हणणं. मी कितीतरी वेळा ऐकून पाहिलं. मला कधी काही ऐकू आलं नाही.

पहिल्या दिवशी ते मशीनला हात लावत नसत. समोर बसून राहायचे. घाई केली तर म्हणायचे, "आज भेट, उद्या काम." देऊळगाव राजाच्या एका दालमिलवाल्याची गोष्ट त्या भागात सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या मिलचे बोल्ट आठवड्याला ढिले व्हायचे. त्यानं मिस्त्रींना बोलावलं आणि दरडावलं, "आजच झालं पाहिजे."

"मंग आजच दुसरा मिस्त्री पाहा," असं म्हणून मिस्त्री समोरच्या हॉटेलात जाऊन बसले. दोन तास चहा पीत मिलकडे पाहत राहिले. मग परत आले आणि मालकाला म्हणाले, "शेठ, तुमची मिल चांगली आहे. तुमचा झोपाळा सोडा."

मालकानं आपला झोपाळा नेमका त्याच तुळईला टांगला होता, जिच्यावर मिलचा फिरता दांडा बसवलेला होता. दिवसभर झोके घेत तो स्वतःच बोल्ट ढिले करत होता. मिस्त्रींनी पाना बाहेरसुद्धा काढला नाही.

त्यांच्या सगळ्या सवयींत एक सवय मात्र जगावेगळी होती, आणि माझी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. कुठल्याही कामाचा शेवटचा बोल्ट किंवा स्क्रू ते स्वतः आवळत नसत. तो मालकानं आवळायचा. मालक म्हणजे ज्याच्या हाताखाली ते मशीन चालणार तो माणूस. पाना त्याच्या हातात द्यायचा आणि तो आवळत असताना मिस्त्री पाठ फिरवून उभे राहायचे.

मी त्यांना एकदा कारण विचारलं.

"मशीन माह्याजवळ चार दिवस राहते, तुमच्याजवळ चार वर्षं," ते म्हणाले. "शेवटचा हात तुमचाच पाहिजे. मंग तुम्ही तिले माह्यी म्हणत नाही, तुमची म्हणता."

"ते ठीक आहे. पण पाठ कशाला फिरवता?"

"पाहिलं म्हणजे तपासणी झाली साहेब. मंग भरवसा कुठं राह्यला?"

एका म्हातारीच्या मळ्यात हे मी डोळ्यांनी पाहिलं. मिस्त्रींनी तिच्या विहिरीची मोटर बसवली आणि पाना पुढे केला. "आजी, आवळा."

"अगं माय, मले जमते का हे? तूच आवळ ना."

"मोटर कोणाची?"

"माह्यी."

"मंग?"

मिस्त्री पाठ करून उभे. म्हातारीनं लुगड्याचा पदर खोचला आणि दोन्ही हातांनी पाना ओढला. पुढे कित्येक वर्षं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, मोटर म्या बसवली. याउलट एका बड्या जमीनदारानं पाना फेकून दिला होता, "तुह्या हातानं लाव ना बे!" मिस्त्रींनी पाना उचलून पुसला, पिशवीत टाकला आणि मोपेड सुरू केली. दुसऱ्या दिवशी जमीनदार स्वतः दुकानात आला, म्हणाला, "चाल, आवळतो." ही शेवटची गोष्ट मात्र ऐकीव आहे.

आता बोट. मी धरणावर यांत्रिकी पर्यवेक्षक होतो. दरवाजे, पंप, जनरेटर माझ्याकडे. निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना कोकणातल्या कुठल्याशा कचेरीत नको झालेली एक फायबरची मोटरबोट ट्रकवर बसून आमच्याकडे आली. बुलढाणा जिल्ह्यात अशी बोट कुणी पाहिलेली नव्हती. पहिले आठ दिवस आसपासच्या गावांतून लोक बैलगाड्या करून तिला पाहायला आले. तिचं इंजिन आत, बोटीच्या पोटात होतं, आणि मागच्या बाजूला पाण्यात उतरणारा गिअरचा एक पाय होता. पायाच्या टोकाला पंखा. कागदोपत्री त्या पायाला स्टर्नड्राइव्ह म्हणत. आमचा चौकीदार मारोती त्याला शेपूट म्हणायचा, आणि तेच नाव पडलं.

ते शेपूट गळत होतं. गिअर ऑइलची एक छोटी बाटली बोटीच्या आत बसवलेली होती, तिच्यावर तेलाची पातळी दिसायची. ती रोज दोन बोटं खाली जाई. खालचं तेल थोडं काढून पाहिलं तर ते दुधाच्या चहासारखं आलं. म्हणजे तेल बाहेर जात होतं आणि पाणी आत येत होतं. पाणी शिरलेल्या तेलात गिअर फार दिवस टिकत नाहीत. एका गॅरेजवाल्यानं बाहेरून काळा चिकट लेप थापला, तो दोन दिवसांत निघाला. दुसरा म्हणाला, अख्खं शेपूट बदला. मी मुंबईला एका दुकानात फोन केला, तर पलीकडचा म्हणाला, "कुठे? बुलढाण्यात बोट?" आणि हसत हसत फोन ठेवला.

तेव्हा मारोती म्हणाला, "साहेब, दुसरबीडच्या मिस्त्रीले बोलवा ना. तेलाची जात त्याले समजते."

मिस्त्री आले, पण पाण्याकडे पाठ करून उभे राहिले. हा माणूस पाण्याला भ्यायचा. विहिरीत पंप सोडायचा तरी ते काठापासून चार हात लांब उभे राहून सूचना देत. "इतकं पाणी एका जागी बरं नाही," असं म्हणून त्यांनी बोटीत पाय ठेवायला साफ नकार दिला. शेवटी ट्रॅक्टर आणून आम्ही बोट ट्रॉलीवर ओढली आणि कडुनिंबाखाली आणून ठेवली. मिस्त्री शेपटासमोर पोतं टाकून बसले. पहिला दिवस भेटीचा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रॉकेल आणि धुण्याच्या सोड्यानं शेपूट घासून घासून कोरडं केलं. मग पिशवीतून तोंडाला लावायच्या पावडरीचा डबा काढला आणि सगळं शेपूट पावडरीनं माखून टाकलं. मारोतीला हसू आवरेना.

"मिस्त्री, याले काय लग्नाले घेऊन चालले?"

"पोरगी पाहायले येऊन राह्यले," मिस्त्री म्हणाले. "तू बाजूले हो, तुले पाहून पळून जातील."

मग त्यांनी खालच्या भोकाचा स्क्रू काढला. गिअरचं तेल भरायचं आणि काढायचं ते हेच भोक. त्यात नळी बसवली आणि नळीला सायकलचा पंप आणि हवेचा दाब दाखवणारा काटा लावला. थोडी थोडी हवा भरायची, थांबायचं, काटा पाहायचा. जास्त हवा मारली तर तेल अडवणारी चांगली रबरी सीलंसुद्धा फुटतात, म्हणून ते अगदी बाळाला पाजावं तसं भरत होते. अर्ध्या तासानं पंख्याच्या मुळाशी पांढऱ्या पावडरीत एक ओली रेघ उमटली. साबणाचं पाणी लावलं तर तिथेच बारीक बुडबुडे.

पंखा काढला, आणि आम्ही सगळे पाहतच राहिलो. दांड्याभोवती तंगूस गुंडाळलेली होती. भोई लोक मासे धरायला जी नायलॉनची बारीक दोरी वापरतात ती. फिरून फिरून, तापून, तिचं कड्यासारखं कडं झालं होतं आणि त्या कड्यानं सील कापलं होतं. मिस्त्रींनी ते कडं चाकूनं सोडवलं आणि तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिलं. "माशासाठी टाकली," ते म्हणाले, "अन् धरली साहेबाची बोट."

सीलाचं माप त्यांनी दोऱ्यानं घेतलं. पट्टी असताना दोऱ्यानं का, तर म्हणे पट्टीचं माप डोक्यात राहते, दोऱ्याचं हातात. दुसऱ्या दिवशी बसनं जालन्याला गेले आणि तिथल्या एका दुकानातून दोन सीलं घेऊन आले. ती बसवताना त्यांनी मला जवळ बसवून दाखवलं. दोन सीलं, एकाचं तोंड आत, दुसऱ्याचं बाहेर. "हे घरातल्याले बाहेर जाऊ देत नाही. हे बाहेरच्याले घरात येऊ देत नाही. दोघांची तोंडं एकीकडं झाली की संपलं." जुन्या सीलामुळे दांड्यावर एक बारीक खाच पडली होती. नवं सील त्या खाचेवर बसू नये म्हणून त्यांनी ते केसभर मागे बसवलं. पुन्हा हवा भरली. काटा हलला नाही. आम्ही न्याहारी करून आलो, तरी काटा तिथंच. मिस्त्रींनी सदरा उजेडात धरून पाहिला. पांढराशुभ्र.

आता तेल. ते खालच्या भोकातून वर भरायचं असतं, म्हणजे आतली हवा वरच्या भोकातून निघून जाते. वरून तेल दिसलं की वरचा स्क्रू लावायचा, मग नळी काढून झटकन खालचा. प्रत्येक स्क्रूखाली एक नवा वायसर, लहान चकतीसारखा. जुना चेपलेला वायसर पुन्हा घालायचा नाही, तिथून गळतं. मिस्त्रींनी नवे दोन वायसर माझ्या हातात दिले. "सांभाळा साहेब, दोनच आहेत." मी ते शर्टाच्या खिशात टाकले.

वरचा स्क्रू मिस्त्रींनी लावला, त्याचा वायसर मी खिशातून काढून दिला. मग त्यांनी नळीवर बोट दाबून धरलं आणि म्हणाले, "खालचा शेवटचा. तुमचा." मी स्क्रू हातात घेतला. त्यांनी नळी काढली आणि उठून पाठ फिरवली.

त्याच वेळी धरणाच्या रस्त्यावरून साहेबांच्या जीपचा हॉर्न वाजला. आमचे वरिष्ठ त्या दिवशी पाहणीला यायचे होते, पण दुपारनंतर. मी दचकलो. तेल भोकातून माझ्या बोटांवर, मनगटावर, बाहीवर येत होतं. मी स्क्रू भोकात घातला आणि आवळला. घट्ट आवळला. हात पुसला आणि जीपकडे धावलो.

दुपारी घरी जेवायला गेलो, तेलकट शर्ट काढला आणि खिशात वायसर सापडला.

आता इथं मला सबबी सांगता येतील. साहेबांना मी जीपजवळच सांगून टाकलं होतं की बोट तयार आहे. त्यांनी लगेच दुसऱ्या सकाळची फेरी ठरवली होती. स्क्रू काढायचा म्हणजे सगळं तेल काढून पुन्हा भरायचं. पण हे सगळं दोन तासांचं काम होतं, आणि मिस्त्री तेव्हा कडुनिंबाखाली हत्यारं पुसत होते. मी गेलो असतो तर ते फार तर हसले असते. मला नेमकं तेच नको होतं. डिप्लोमा झालेला, पस्तीस वर्षं नोकरी झालेला माणूस, आणि त्याला एक वायसर सांभाळता आला नाही. एवढ्याशा चकतीनं काय होतंय, असं म्हणून मी तो वायसर टेबलाच्या खणात टाकला.

हवेची तपासणी त्याच खालच्या भोकातून झाली होती, त्यामुळे त्या भोकाची तपासणी होणं शक्यच नव्हतं. ते भोक मिस्त्रींनी माझ्या भरवशावर सोडलं होतं.

बाटली पुन्हा उतरू लागली. पूर्वीसारखी भराभर नाही, पण उतरत होती. मी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन ती भरून ठेवायचो. पंधरा दिवस. आत येणारं पाणी मात्र थांबत नव्हतं. सोळाव्या दिवशी साहेब आपल्या पाहुण्यांना घेऊन फिरायला निघाले. सोबत त्यांच्या सासूबाई होत्या. बोट मीच चालवत होतो. जलाशयाच्या ऐन मध्यात शेपटातून पाट्यावर वरवंटा आपटावा तसा आवाज आला, लोखंडाची एक किंकाळी आली, आणि सगळं शांत झालं.

दोन भोई थर्माकोलच्या तराफ्यावर मासे धरत होते. त्यांनी आमच्या पाच जणांच्या बोटीला दोर बांधला आणि वल्ही मारत, हळूहळू, तासाभरात काठाला आणलं. वाटेत सासूबाईंनी कौतुकानं विचारलं, "तुमचं हे कधी बिघडत नाही का हो?"

"नाही ना मावशी," एक भोई म्हणाला. "बिघडायले त्याच्यात हाये काय?"

मला वाटतं साहेब त्या वाक्यानं जास्त चिडले. काठावर उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं, "काम कुणी केलं होतं?"

"दुसरबीडच्या मिस्त्रींनी," मी म्हणालो.

हे वाक्य खरं होतं. खोटं बोलायला मला फक्त त्याच्यापुढे गप्प बसावं लागलं. शेपूट मी एकट्यानंच उघडलं, गिअरचे तुटलेले दात बाहेर काढले, आणि खालच्या स्क्रूखाली खणातला तो वायसर घालून ठेवला. मग अहवाल लिहिला. "स्थानिक कारागिराने बसविलेली तेलाची सीले निकामी ठरल्याने." सदर कारागिरास यापुढे कोणतेही काम देऊ नये, ही ओळ साहेबांनी घालायला सांगितली. ती मी घातली. नवे गिअर कधी आलेच नाहीत. पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो तेव्हा मारोतीच्या कोंबड्या त्या बोटीत अंडी घालत होत्या.

बोट बंद पडल्यावर मिस्त्री तिसऱ्या दिवशीच आले होते. त्यांना आत सोडायचं नाही असा हुकूम होता, म्हणून मी फाटकावर गेलो.

"गळलं कुठून साहेब?"

"सीलातून."

"दोन्ही?"

"दोन्ही."

ते दोन बोटं एकमेकांवर ठेवून सीलं कशी बसवली होती ते स्वतःशीच करून पाहू लागले. "उलटं नव्हतं बसलं," ते म्हणाले. "खाचेवरही नव्हतं. मंग काऊन गळलं?" त्यांनी मोपेड वळवली, मग थांबले. "माफ करा साहेब. माह्यामुळं तुमची फजिती झाली."

असं म्हणून ते गेले. माफी मी मागायची होती, आणि मागितली त्यांनी.

धरणाचं काम त्यांच्याकडे पुन्हा गेलं नाही. बाजारात लोकांना एक विषय मिळाला. "मिस्त्री, गिरणी दुरुस्त केली, आता बुडणार तर नाही ना?" मिस्त्री म्हणायचे, "नाही बुडत. पण तू पोहणं शिकून ठेव, तुह्या घरापासून नाला जवळ आहे." त्यांची जीभ काही बोथट झाली नव्हती. पण मारोतीनं मला एक सांगितलं होतं. मिस्त्री आता मोठ्या कामाला गेले की तिथून लवकर हलत नाहीत. काम झाल्यावरही दोन दोन दिवस मशीनपाशी बसून राहतात.

निवृत्तीनंतर मी देऊळगाव राजाला राहायला आलो. कामानिमित्त दुसरबीडवरून बस जायची तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसायचो. तीन वर्षांपूर्वी एकदा उतरलो. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं.

दुकान आता मुलगा चालवत होता. मिस्त्री मागच्या अंगणात होते. दाढी पांढरी, कपडेही पांढरे.

"या साहेब, या! म्हातारे झाले तुम्ही."

"तुम्ही नाही झालात?"

"मी तर पयलेपासूनच होतो. तुम्ही आत्ता आले."

ते शिलाई मशीनच्या लोखंडी स्टँडसमोर बसून पायानं ते चालवत होते. वर मशीन नव्हतंच. पट्टा एका दांड्याला जोडलेला होता, दांडा एका ॲल्युमिनियमच्या डब्यात शिरलेला होता, आणि तो डबा पाण्यानं भरलेल्या टबात बसवलेला होता.

"हे काय?"

"तुमचं शेपूट!" ते इतक्या आनंदानं म्हणाले की मला बसावंच लागलं. "डब्यात तेल, टबात पाणी. सीलं तीच, जालन्याच्याच दुकानातली, त्याच मापाची. सुनेनं नवीन मशीन घेतली तवा हे स्टँड मले दिलं. रोज नमाज झाली की चहा येईपर्यंत मारतो पाय. गळतच नाही साहेब! रेती टाकून पाह्यली. तंगूस गुंडाळून पाह्यली, तवा गळलं, पण ते कापल्यावर. उलटं बसवलं, तवा गळलं. पण तुमच्या बोटीत तर मी सीधं बसवलं होतं. मंग तिथं काऊन गळलं?"

"मिस्त्री," मी म्हणालो, "मी तेच सांगायला आलोय. त्या दिवशी..."

त्यांचा पाय थांबला. त्यांनी हात वर केला.

"तुम्हाले सापडलं?"

मी हो म्हणून मान हलवली.

"सांगू नका."

"अहो, पण..."

"सांगू नका ना साहेब! इतकी वर्षं बसून राह्यलो मी याच्यावर. आता तुम्ही येऊन दोन शब्दात सांगून टाकता? माह्यं मले सापडू द्या. हारलो की मीच येतो तुमच्या घरी विचारायले."

त्यांना संशय आला होता का, हे मला आजही सांगता येत नाही. चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं. कोडं अर्धं सोडवलेल्या माणसाचा चेहरा होता, आणि तो खूश होता. सून चहा घेऊन आली. "अब्बांचं हे रोजचंच आहे काका," ती हसून म्हणाली. "पाहुण्यालेही बसवतात." आणि खरोखरच मिस्त्री उठले, मला स्टँडसमोर बसवलं आणि म्हणाले, "मारा जरा पाय. माह्ये गुडघे दुखून राह्यले."

मी पाय मारले. अर्धा तास. ते टबावर वाकून पाण्यावर तवंग येतो का ते पाहत होते, मधूनच सदऱ्याची बाही उजेडात धरत होते, आणि जालन्याच्या दुकानदाराची, दालमिलवाल्याची, त्या म्हातारीची गोष्ट सांगत होते. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो. त्या अर्ध्या तासात मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत कधी वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं. बसची वेळ झाली आणि मी निघालो.

ते विचारायला आले नाहीत. मागच्या उन्हाळ्यात मारोतीचा फोन आला की मिस्त्री गेले, मातीही झाली. मी कचेरीत जाऊन फाइलमध्ये एक कागद जोडता येईल का विचारलं. तिथला तरुण कारकून भला होता. त्यानं बराच शोध घेतला आणि सांगितलं, "काका, एवढ्या जुन्या फाइली आता नाहीत." म्हणजे मी लिहिलेलं खोटं कागदावरही उरलं नाही. ते फक्त दुसरबीडच्या बाजारात उरलं आहे, लोकांच्या तोंडी. म्हणून हे इथं लिहिलं.

बसमध्ये मी जे पाठ केलं होतं, ते एवढंच होतं. मिस्त्री, तुमची सीलं चांगली होती. शेवटचा स्क्रू मी चुकीचा लावला आणि नाव तुमचं लिहिलं. मला माफ करा. आज त्यात एवढंच जोडतो: आता पाय थांबवा, चहा घेऊ.